डोंगरीच्या भिंतीबाहेरचा महजर

गिरगावातल्या आमच्या चाळीत एखादे पोर फारच अनावर झाले, की बागुलबुवा आणि पोलीस या नेहमीच्या दोघांना ओलांडून थेट डोंगरीचे नाव निघत असे. “थांब, तुला डोंगरीलाच टाकून येते,” असे गॅलरीच्या कठड्याशी तांदूळ निवडीत बसलेली एखादी मावशी म्हणे, आणि डोंगरी म्हणजे नेमके काय, तेथे कोण राहते, तेथे मुलांचे काय करतात, यांपैकी कशाचीही वार्ता नसताना आम्ही सगळी मुले एकदम गप्प होत असू. पुढे मोठेपणी, नळबाजार ओलांडून भेंडीबाजाराच्या गजबजाटातून वाट काढीत मी उमरखाडीच्या त्या जुन्या तुरुंगाच्या भिंतीपाशी प्रथम गेलो, तेव्हा मावशीच्या धाकातली जागा खरोखरच या शहरात आहे, तिला दार आहे, दारावर पहारेकरी आहे आणि आत मुले आहेत, याचाच मला धक्का बसला. त्या भिंतीने माझा पिच्छा त्यानंतर कधी सोडला नाही.

ती भिंत मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिलेला हा मुंबईचा तुरुंग आपल्या वाङ्मयात अजरामर झाला तो गोपाळ गणेश आगरकरांमुळे. कोल्हापूर प्रकरणाचा, म्हणजे कोल्हापूरच्या दिवाणाच्या अब्रुनुकसानीच्या खटल्याचा, इतिहास येथे उगाळण्याचे कारण नाही. १७ जुलै १८८२ रोजी शिक्षा लागून टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले, २६ ऑक्टोबरला सुटले, आणि आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे एकशें एक दिवस’ हे पुस्तक त्याच वर्षी लोकांच्या हाती दिले. दोघेही जुलै १८५६ चे. आगरकरांचे सव्विसावे वर्ष तुरुंगाच्या दारात जाण्याआधी तीनच दिवस पुरे झाले होते, आणि टिळकांचे आत गेल्यावर सहा दिवसांनी. दोन सुशिक्षित, निश्चयी, तरुण पुरुष, बाहेर त्यांच्यासाठी तळमळणारा समाज, आणि सुटकेच्या दिवशी सत्काराला लोटलेली गर्दी. इतके पाठबळ असूनही त्या एकशे एक दिवसांची हकीकत सांगावी, नव्हे सांगितलीच पाहिजे, असे आगरकरांना वाटले, आणि ती सांगितली म्हणून आजही आपण त्या भिंतीकडे आदराने पाहतो.

पुढे काळ पालटला, तुरुंग तेथून हलला, आणि १९२७ मध्ये स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीच्या कारभारात ती वास्तू मुलांसाठी वापरात आली. तेव्हापासून आजतागायत कित्येक पिढ्यांची मुले, कुणी हरवलेले, कुणी घर सोडून पळालेले, कुणी चोरीच्या आळाखाली धरलेले, कुणी केवळ आईबाप नाहीत म्हणून, त्या दारातून आत गेली. त्यांच्यातल्या कुणाचे एकशे एक दिवस होते, कुणाची अकरा वर्षे. आगरकरांच्या पुस्तकाच्या जोडीला ठेवावे असे दुसरे पुस्तक मात्र माझ्या पाहण्यात नाही. या एका इमारतीवर मला फिर्याद लावायची नाही, हे येथेच सांगून टाकतो. तेथे जीव ओतून काम केलेली माणसेही होऊन गेली. डोंगरी हे नाव मी, आमच्या चाळीतल्या मावशा घेत तसे, एका संपूर्ण व्यवस्थेचे नाव म्हणून घेत आहे, आणि माझा प्रश्न असा आहे, की ज्या मुलांना रक्षणासाठी म्हणून संस्थेच्या स्वाधीन केले आणि ज्यांचे त्या चार भिंतींत लचके तोडले गेले, त्यांचे स्मारक या शहरात उभारायचे झाले तर ते कसे असावे.

कायद्यांचा इतिहास रूक्ष आहे. तो एका दमात सांगतो. १८५० च्या कायद्याने निराधार मुलांना धंद्याची उमेदवारी लावून देण्याची सोय झाली. १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीच्या आधाराने मुंबईत सुधारगृह निघाले. १८७६ आणि १८९७ चे रिफॉर्मेटरी कायदे, १९२४ चा मुंबईचा बालकायदा, मग १९४८ चा, मग सबंध देशासाठी १९८६, २००० आणि २०१५ चे बालन्याय कायदे, आणि त्यांच्याखेरीज २०१२ चा पॉक्सो. प्रत्येक कायद्याच्या मजकुरात मुलाचे कल्याण हाच हेतू म्हणून नोंदलेला आहे. माझे लक्ष मात्र दर वेळी एका गोष्टीवर खिळते: काळा घोडा येथील ससून वाचनालयात शिरताच दात्याचा, थॉमस वूल्नर या शिल्पकाराने घडविलेला पूर्णाकृती संगमरवरी पुतळा समोर येतो, आणि त्यांच्या नावाने चाललेल्या शाळेत सुताराचा रंधा आणि शिंप्याची सुई हाती धरलेल्या एकाही मुलाची खूण या शहरात कोठेही नाही. दाते स्मरणात राहावेत, त्यात गैर काही नाही. परंतु आपल्या समाजाने दयेची आठवण दगडात कोरली आणि ज्यांच्यावर दया झाली त्यांचे पुढे काय झाले हे विचारलेच नाही, ही खंत मला लागून राहिलेली आहे.

ज्यांनी विचारले त्यांत एक नाव विशेष जपावे असे आहे, ते मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांचे. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या हालांविषयी त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्रावरून १९८३ चा प्रसिद्ध निकाल झाला, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्यानंतर त्यांनी देशभरच्या तुरुंगांत डांबलेल्या मुलांचा प्रश्न न्यायालयात नेला. १९८६ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांनी तुरुंगांना भेटी द्याव्यात, मुलांना तेथे ठेवू नये, अशा आशयाचे आदेश दिले, आणि बालन्यायाचा देशव्यापी कायदाही त्याच वर्षी झाला. येथवरची कथा विजयाची आहे. परंतु तारखांवर तारखा पडत गेल्या, राज्यांची उत्तरे येईनात, आणि विटून जाऊन बारसे यांनी १९८८ मध्ये आपली याचिका मागे घेण्याची परवानगी मागितली. न्यायालयाने ती दिली नाही. असा अर्ज कुणा एकाच्या मालकीचा नसतो, असे म्हणून याचिका चालू ठेवली, अर्जदार म्हणून बारसे यांचे नाव शीर्षकातून काढले आणि त्या जागी न्यायालयाच्या विधिसाहाय्य समितीचे नाव घातले. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच असेल. तरीही ज्या बाईने कोठड्यांची दारे ठोठावली तिचेच नाव दप्तरातून उतरले, ही गोष्ट वाचताना माझा जीव कासावीस झाला; आणि या सबंध विषयात नाव लागणे आणि नाव पुसणे हाच कळीचा मुद्दा ठरणार, याची ती पहिली सूचना होती असे आता वाटते.

गोव्यातील प्रकरणातही बारसे यांचा पाठपुरावा होता. मडगावजवळ फातोर्ड्याला फ्रेडी पीट्स नावाचा इसम मुलांचे अनाथालय चालवीत असे. १९९१ मध्ये त्याला अटक झाली, त्याच्याकडे मुलांची दोन हजारांहून अधिक अश्लील छायाचित्रे सापडली, आणि पाच वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याला जन्मठेप झाली. त्यानंतर उजेडात आले ते दक्षिण मुंबईचे, अँकरेज निवाऱ्यांचे प्रकरण. डंकन ग्रँट आणि अ‍ॅलन वॉटर्स या दोन ब्रिटिश माजी नौसैनिकांशी जोडलेले हे निवारे कुलाबा, कफ परेड आणि मुरूड येथे चालत. रस्त्यावरची मुले तेथे जेवणासाठी आणि झोपण्यासाठी येत. पत्रकार मेहेर पेस्तनजी, वकील महारुख अडेनवाला आणि १०९८ या क्रमांकाची चाइल्डलाइन यांच्या धडपडीमुळे २००१ मध्ये हे प्रकरण पोलिसांत आणि न्यायालयात गेले. मार्च २००६ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सहा वर्षे सक्तमजुरी दिली. जुलै २००८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द करून शिक्षा कायम केली.

हा तिसरा निकाल मी पुनःपुन्हा वाचला आहे. दोन मुलांची साक्ष त्याच्या केंद्रस्थानी आहे, आणि त्या दोघांचा उल्लेख वारंवार येतो तो साक्षीदार क्रमांक एक आणि साक्षीदार क्रमांक चार असा. उच्च न्यायालयाला त्यांचे म्हणणे विश्वासार्ह वाटले नाही. सर्वोच्च न्यायालयाला वाटले. मधली तीन वर्षे ही दोन मुले, जी एव्हाना पुरुष झाली होती, याच शहरात लोकलच्या दारात उभी राहून कामाला जात असतील, आणि कायद्याच्या लेखी त्यांचे बोलणे त्या तीन वर्षांत खोटे होते. ज्याची साक्ष एकदा नाकारली गेली आणि मग स्वीकारली गेली, त्याचे स्मारक म्हणजे शोकाचे स्थान नव्हे. त्याच्या शब्दाला कायमची जागा देणे, एवढेच त्याला हवे असते. माझ्या मनातल्या आराखड्याची पहिली रेघ ही.

दुसरी अडचण आपल्या भाषेतच आहे. समाधी, वृंदावन, छत्री, वीरगळ, सतीशिळा, हुतात्मा स्मारक: आपला स्मारकांचा सगळा शब्दसंभार मृतांसाठी आहे. ही माणसे जिवंत आहेत. त्यांच्यासाठी आपल्याजवळ धड शब्ददेखील नाही. न्यायालय ‘पीडित’ म्हणते, वर्तमानपत्र ‘पीडिता’ म्हणून मुलग्यांना त्यातून वगळूनच टाकते, ‘बळी’ म्हणावे तर तो मेलेला, आणि संस्थांच्या नोंदवहीत ती ‘दाखल’, ‘बदली’, ‘फरारी’ एवढ्या तीन शेऱ्यांत संपतात. पळून गेलेल्या मुलापुढे ‘फरारी’ असा शेरा मारणाऱ्या कारकुनाने ते कशापासून पळाले हे लिहिण्यासाठी रकाना ठेवला नव्हता.

तिसरी अडचण नावांची. फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. त्याचा आत्मा म्हणजे ती नावे. येथे मात्र २०१५ च्या बालन्याय कायद्याचे चौऱ्याहत्तरावे कलम आणि पॉक्सोचे तेविसावे कलम मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करतात, आणि ती मनाई मला सर्वस्वी मान्य आहे. म्हणजे ज्या एका साधनाने स्मारक बोलते, ते साधनच येथे वर्ज्य. नावाशिवायचे, प्रतिमेशिवायचे, जिवंतांचे स्मारक करायचे, आणि तरीही त्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला हे माझे आहे असे वाटले पाहिजे.

प्रतिमा का नको, याचे उत्तर मला परळने दिले. शिलाहार राजा अपरादित्याचा बाराव्या शतकातला एक दानलेख परळला सापडला; तो आता शहराच्या वस्तुसंग्रहालयात आहे, आणि मराठीच्या आद्य शिलालेखांत त्याची गणना होते. अभ्यासक त्याच्यासमोर उभे राहतात ते त्यातील मराठीसाठी. पण हा दगड ‘गद्धेगाळ’ आहे: राजाज्ञा मोडणाऱ्याला द्यावयाचा शाप त्यावर शब्दांत आहे आणि चित्रातही आहे, आणि त्या शापात मोडणाऱ्याच्या आईवर गाढवाकडून होणारा अत्याचार दाखविलेला आहे. कोकणात आणि मुंबईच्या आसपास असे दगड पुष्कळ सापडले. तो पाहताना मला प्रत्येक वेळी हेच जाणवते, की अपराध एकाचा, आणि दगडात कायमची विटंबना झाली ती दुसऱ्याच, निरपराध स्त्रीची. आठशे वर्षे ऊन-पाऊस खाऊनही ती तेथेच आहे. मुलांवरील अत्याचाराचे ‘प्रभावी’ शिल्प करू पाहणाऱ्या कोणत्याही कलावंताने आधी या दगडापुढे तासभर बसावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गुडघ्यांत डोके घातलेले ब्राँझचे मूल हे त्या मुलाची दुसरी विटंबना ठरेल.

जगात इतरत्र हे प्रयत्न झाले आहेत. आयर्लंडची कथा आपल्याला फार जवळची वाटावी अशी आहे. तेथील चर्चच्या औद्योगिक शाळांत आणि सुधारगृहांत मुलांचा जो छळ झाला त्याबद्दल ११ मे १९९९ रोजी पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी राज्याच्या वतीने जाहीर क्षमा मागितली. दहा वर्षांनी, मे २००९ मध्ये, रायन आयोगाचा अहवाल आला, आणि स्मारक उभारून त्यावर त्या क्षमायाचनेचे शब्द कोरावेत अशी शिफारस त्यात होती. स्पर्धा झाली, २०१२ मध्ये ‘जर्नी ऑफ लाइट’ हा आराखडा निवडला गेला, पाण्याच्या धारांमधून जाणारी एक वाट आणि भिंतीवर क्षमेचे शब्द. जागा ठरली डब्लिनच्या स्मृतिउद्यानाशेजारी. आणि येथेच खटका उडाला. हे उद्यान आयरिश स्वातंत्र्यासाठी प्राण दिलेल्यांचे, १९१६ च्या उठावाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात खुले झालेले. त्याच्या शांत, गंभीर रूपाला नव्या बांधकामाने बाधा येईल म्हणून २०१३ च्या नोव्हेंबरात नियोजन मंडळाने परवानगी नाकारली. स्वातंत्र्यवीरांच्या पावित्र्याआड मुलांचे स्मारक आले, आणि ते तेथे झालेच नाही. पुढे २०२२ मध्ये तेथील सरकारने वेगळाच मार्ग धरला: स्त्रियांना कोंडून राबविणाऱ्या एका जुन्या मॅग्डालेन धुलाईगृहाच्या जागी दप्तरखाना आणि स्मृतिकेंद्र एकत्र उभारण्याचा.

डोंगरीच्या भिंतीपाशी मुलांचे स्मारक करावे असे कुणी उद्या सुचविले, तर हाच वाद आपल्याकडे तसाच्या तसा उभा राहील, याविषयी मला शंका नाही. टिळक-आगरकरांच्या कोठडीने पुनीत झालेल्या जागेत हा काळिमा कशाला, असे म्हणणारे पुढे येतील. त्यांना माझे उत्तर इतकेच आहे, की केशवपनाखाली आणि बालविवाहाखाली चिरडलेल्या मुलींसाठी ज्यांनी आपल्या हयातीत आपली प्रेतयात्रा निघालेली पाहिली, त्या आगरकरांना शेजारी मुलांची आठवण असल्याने अवमान वाटला असता, हे मला पटत नाही. एकशे एक दिवसांची नोंद ठेवणारा माणूस अकरा वर्षांच्या नोंदीच्या आड कसा येईल?

ऑस्ट्रेलियात, बॅलरॅट या गावी, राज्यकर्त्यांची वाट न पाहता लोकांनीच २०१५ पासून ज्या शाळेत अत्याचार झाले तिच्या कुंपणाला रंगीत फिती बांधल्या. काही ठिकाणी त्या उतरवल्या गेल्या आणि लोकांनी पुन्हा बांधल्या. वडाला सूत गुंडाळणाऱ्या आपल्या लोकांना हे कुंपण सांगावे लागणार नाही. पण फीत कुजते, आणि माझा शोध टिकणाऱ्या वस्तूचा होता.

ती मला मराठ्यांच्या जुन्या दप्तरात सापडली. महजर हा शब्द वाचकांना परिचित आहे. मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये जो ग्रंथ लिहिला त्याचा तर हा कणाच आहे. वतनाचा तंटा असो की सीमेचा, गोतसभा भरे, वादी-प्रतिवादींच्या जबान्या होत, आणि देशमुख-देशपांड्यांपासून बलुतेदारांपर्यंत हजर असलेल्या सगळ्यांच्या साक्षीने निर्णयाचा कागद होई, तो महजर. त्या कागदाच्या शेवटी, मला सगळ्यांत प्रिय असलेल्या भागात, ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्या निशाण्या असतात. कुणब्याचा नांगर, वाण्याची तराजू, न्हाव्याचा आरसा. लिहिता न येणारा माणूसही त्या सभेत पुरा साक्षीदार होता, आणि त्याची निशाणी काजीच्या शिक्क्याच्या शेजारीच बसत असे. ‘महजर’, ‘हजर’, ‘हजेरी’ आणि ‘हुजूर’ हे चारही शब्द एकाच अरबी धातूतून आलेले आहेत. संस्थांतल्या मुलांची सकाळ हजेरीने सुरू होते; नंबर पुकारला की ‘हजर’ म्हणायचे. त्या हजेरीचा एकदा तरी महजर व्हावा, या कल्पनेने मी त्या रात्री झोपलो नाही.

कल्पना अशी. काळ्या पाषाणाची, माणसाच्या छातीइतक्या उंचीची एक मोकळी भिंत. तिच्या शिरोभागी शासनाचे निवेदन, साध्या मराठीत, ज्या खात्याने मुले ताब्यात घेतली आणि ज्याच्याकडून तपासणी झाली नाही त्या खात्याच्या अधिकारपदाच्या सहीशिक्क्यानिशी. त्याखाली प्रकरणांची गावे, साल, निकालांच्या तारखा. अपराध सिद्ध झालेल्यांची नावे पूर्ण, आणि मुलाचे नाव एकही नाही. आणि त्याखाली, भिंतीचा सर्वांत मोठा भाग, कोरा. ज्याला वाटेल त्याने, वाटेल त्या वर्षी, आपल्या पसंतीची निशाणी तेथे कोरवून घ्यावी. ती कुणाची, हे त्याला आणि कोरणाऱ्याला ठाऊक. भिंत कधीच पुरी होणार नाही; उद्घाटनाची फीत कापून ती संपवता येणार नाही.

हे सारे मी लालबागच्या एका चित्रशाळेत बोललो. तेथे मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारा एक कारागीर माझ्या ओळखीचा आहे. त्याचे बालपण मुंबईबाहेरच्या एका संस्थेत गेले, आणि त्याहून अधिक त्याच्याविषयी मी सांगणार नाही. श्रावणातले दिवस होते, ताडपत्रीवर पावसाचा ताशा वाजत होता, आणि पांढऱ्या, अद्याप आंधळ्या गणपतींच्या रांगेत उंच स्टुलावर बसून तो चार केसांच्या कुंचल्याने एकेका बुबुळाची कड ओढीत होता. मी त्याला आधी डोंगरीची जागा सांगितली, मग कुणी मूर्तिकार सुचव म्हणालो. त्याने कुंचला वाटीत ठेवला.

“मूर्ती नका करू, काका. मूर्ती झाली की वर्षातून एकदा हार घालायला माणसं येणार, फोटो काढणार. आमच्यातलं कुणी त्या गर्दीत उभं राहिलं, तर लोक तोंडाकडे बघणार, हाच का तो म्हणून. आणि डोंगरीला तर मुळीच नको. तसल्या दारापुढे मी परत उभा राहणार नाही. अशी जागा बघा, की माणूस उगाच उभा राहिला तरी कुणी विचारत नाही, इथं कशाला उभा आहेस.”

मग मी त्याला निशाण्यांविषयी सांगितले, नांगर आणि आरसा कागदावर काढून दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही. शेजारी बुकिंगच्या पावत्यांचे पुस्तक पडले होते. त्यातली एक जुनी पावती उलटी करून त्याने त्याच कुंचल्याने, मूर्तीच्या डोळ्यांच्या काळ्या रंगाने, एक कडी काढली, कोयंड्यासकट, अगदी दोन बोटांएवढी. “आमच्या खोलीला आतून कडी नव्हती,” तो म्हणाला, “बाहेरून होती.” आणि पुन्हा स्टुलावर चढून पुढच्या मूर्तीच्या डाव्या डोळ्याला लागला. ती पावती मी मागितली नाही. ती त्याची होती.

डोंगरीचा माझा हट्ट त्या दुपारी सुटला. जागेचा अधिकार ज्यांचे स्मारक त्यांचा, हे मी तोवर केवळ म्हणत होतो. आता माझ्या मनात काळा घोडा चौक आहे. तेथे माणसे विनाकारण उभी राहतात. चित्रे पाहतात, चहा पितात, कुणाची तरी वाट पाहतात, आणि कुणी कुणाला हटकत नाही. ब्रिटिश राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तेथून हलवला गेला आणि २०१७ मध्ये तेथे जो घोडा उभा राहिला त्याच्या पाठीवर स्वार नाही, त्यामुळे रिकामी जागा पाहण्याची सवय त्या चौकाला झालेली आहे. डेव्हिड ससून यांचा पुतळा तेथून हाकेच्या अंतरावर, आणि त्या वाचनालयाला लागूनच एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेखागार आहे.

या शेवटच्या गोष्टीला मी सर्वाधिक महत्त्व देतो, कारण भिंतीवरच्या निवेदनाला आधार लागतो तो दप्तराचा. बालन्याय कायद्याच्या चोविसाव्या कलमाने, मुलाच्या दोषसिद्धीची कागदपत्रे ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याची तरतूद केलेली आहे, आणि मुलाला नव्याने आयुष्य सुरू करता यावे या तिच्या हेतूपुढे मी नतमस्तक आहे. मुलाचा अपराध विसरला जावा हा मुलाचा हक्क आहे. परंतु संस्थेचा कारभार विसरला जावा हा संस्थेचा हक्क नव्हे. तपासणीचे अहवाल, शिक्षांच्या वह्या, आजारपणाच्या आणि मृत्यूच्या नोंदी, ‘फरारी’ शेऱ्याच्या याद्या, अधीक्षकांच्या बदल्यांचे हुकूम, या कशानेही कुणा मुलाच्या नव्या आयुष्याला बाध येत नाही. त्या रद्दीत गेल्या तर बाध येतो तो फक्त सत्याला. आयर्लंडने स्मारकाच्या जागी दप्तरखाना धरला तो या अनुभवातूनच. आपण भिंत आणि दप्तरखाना एकमेकांच्या शेजारी ठेवू शकतो. जागा आधीच तशा आहेत. आधी मात्र शासनाने लेखी क्षमा मागितली पाहिजे. तिच्याविना उभारलेली भिंत ही केवळ सुशोभन ठरेल, आणि तसल्या भिंतीला माझा विरोध राहील.

महिला व बालविकास खात्याने आपल्या आणि आपल्याशी संलग्न संस्थांच्या अशा नोंदवह्या, वर्गवारीची वाट न पाहता, पुराभिलेखागाराच्या स्वाधीन कराव्यात, मुलांची नावे झाकून त्या अभ्यासकांना खुल्या कराव्यात, आणि तोवर एकही वही रद्दीत जाऊ देऊ नये, एवढी माझी मागणी आहे. वाचकांपैकी कुणाचे वडील, आजोबा, आत्या अशा एखाद्या संस्थेत अधीक्षक, शिक्षक, परिचारिका किंवा कारकून होते. त्यांच्या ट्रंकेत जुन्या वह्या, पत्रे, हजेरीपट असतील. दिवाळीची आवराआवर कराल तेव्हा कृपा करून ती ट्रंक उघडून पाहा, आणि त्यातले काही टाकून देऊ नका.